घरातला जुना डीबी आणि एमसीबी कधी बदलायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा डीबी १९९६ सालचा आहे. वय झालं म्हणून बदलायचा का?

डीबी म्हणजे घरभर वीज वाटणारा डबा, आणि एमसीबी म्हणजे त्यातले, भार वाढला की आपोआप पडणारे स्विच. नुसत्या वयासाठी ते बदलायचे नाहीत. औषधाच्या पट्टीवर असते तशी एक्स्पायरी एमसीबीवर छापलेली नसते. कोरड्या भिंतीतला, स्क्रू घट्ट असलेला २५ वर्षांचा एमसीबी बिनतक्रार चालताना सापडतो, आणि बाथरूमच्या ओल्या भिंतीमागचा सहा वर्षांत गंजतो.

पण तुमचा डीबी बसला तेव्हा पुण्यातल्या कोथरूड-सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये काय होतं? एक फ्रिज, चार पंखे, ट्यूबलाइटी, इस्त्री आणि एखादा गीझर. आज त्याच वायरींवर दोन एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन आणि रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर आहे. २ किलोवॅटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर घेतो, २ किलोवॅटचं इंडक्शन तेवढंच, दीड टनाचा एसी ७ ते ८. संध्याकाळी सातला दोन एसी, इंडक्शन आणि वॉशिंग मशीन एकत्र चालले की आकडा ३० च्या वर जातो. म्हणजे डीबी म्हातारा होवो न होवो, त्याचं काम दुप्पट-तिप्पट झालेलं असतं.

२० वर्षं ओलांडली की एकदा झाकण उघडून तपासणी करा आणि निर्णय त्यानंतर घ्या. तपासणीची वाट न बघता बदलावेत असे तीनच प्रकार: चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, लाकडी पाटावरचा बोर्ड, आणि गंजलेला किंवा दार-झाकण तुटलेला पत्र्याचा डबा. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही आत्ताच बसवून घ्या, मग डबा कितीही नवा असो.

तपासणीत वायरमनला नेमकं काय बघायला सांगायचं?

आधी एक सूचना. डीबीचं आतलं झाकण घरच्या माणसानं उघडू नये. मेन खाली पाडला तरी मेनच्या वरच्या दोन स्क्रूंवर मीटरकडून येणारी वीज चालूच असते. ती बंद होते फक्त खालच्या मीटर रूममधून.

झाकण निघालं की सगळ्यात आधी स्क्रू बघायचे. डीबी बहुतेक वेळा एमसीबीमुळे बिघडत नाही, जोडामुळे बिघडतो. वायर स्क्रूखाली किंचित ढिली असेल तर त्या टोकाला थोडा रोध तयार होतो. तो ०.०५ ओहम इतका क्षुल्लक धरा. त्यातून २० अँपिअर गेले की त्या एका स्क्रूच्या टोकावर २० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे गीझर आणि एसी चालू असेपर्यंत तुमच्या भिंतीत जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न लावून ठेवलेलं असतं, आणि एमसीबी बहुधा पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं प्रवाह २० च आहे, जास्त कुठे आहे?

म्हणून हे बघा. वायरीचं आवरण स्क्रूजवळ करपून कडक झालंय का, लाल रंग तपकिरी झालाय का. आवरणच स्क्रूखाली चिमटलंय का. तसं असेल तर स्क्रू घट्ट लागतो पण तांब्याला नीट टेकत नाही. एका एमसीबीत दोन वायरी कोंबल्या आहेत का, त्यातही एक जाड आणि एक बारीक. अशात बारीक वायर कायम ढिली राहते. वायरीच्या तारा कापून बारीक करून आत घातल्या आहेत का. हा उद्योग पुण्यात घरोघरी सापडतो: ४ चौरस मिमीची वायर भोकात जात नाही म्हणून पक्कड लावून निम्म्या तारा उडवायच्या.

मग न्यूट्रलची पट्टी, म्हणजे लिंक. सगळे जण एमसीबीचे स्क्रू आवळतात आणि न्यूट्रल लिंक विसरतात. एमसीबीवर एका सर्किटचा भार येतो, पण मेनच्या न्यूट्रलवर अख्ख्या घराचा. सगळ्यात जास्त करपलेले जोड तिथेच मिळतात.

पितळी बसबार (एमसीबींना वीज पोचवणारी पट्टी) हिरवट पडलाय का, पत्र्याच्या डब्याच्या तळाशी गंजाची पूड आहे का, झुरळांची किंवा पालीची वस्ती आहे का, हेही बघा. पाल दोन टर्मिनलांच्या मधे जाऊन बसणं हे शॉर्ट होण्याचं अगदी खरं कारण आहे. डीबीच्या न वापरलेल्या जागा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बंद असायला हव्यात, त्या याचसाठी.

यातलं फक्त एक-दोन जोडांचं करपणं असेल तर ते टोक कापून नवं सोलून लावता येतं, आणि तेवढा एमसीबी बदलता येतो. बसबारच काळा पडला असेल किंवा तीन-चार ठिकाणी करपलं असेल, तर डबा पूर्ण बदला. अशा डब्यात नवे एमसीबी बसवणं म्हणजे पैसे वाया.

कोणती लक्षणं दिसली तर आजच्या आज वायरमन बोलवायचा?

जळक्या प्लॅस्टिकचा किंवा कुजक्या माशासारखा वास. डीबीतून चुरचुर किंवा गुणगुण. झाकणाला उलट्या हाताचा स्पर्श केला तर चटका बसण्याइतकी ऊब. एमसीबीची दांडी वर राहत नाही किंवा लुळी पडली आहे. दिवे मधूनच मंद आणि मधूनच भगभगीत होतात.

शेवटचं लक्षण सर्वांत गंभीर. काही दिवे मंद आणि काही जास्त प्रखर, असं एकाच वेळी झालं तर थ्री फेज जोडणीत न्यूट्रल तुटत असल्याची शक्यता असते. तेव्हा २३० व्होल्टच्या जागी त्याच्या बरंच वर, पार ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एका फटक्यात जातात. मेन बंद करा, शेजाऱ्यांनाही सांगा. दोष मीटरच्या आधीचा असेल तर महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवा.

किटकॅट फ्यूज अजून छान चालतोय. का बदलायचा?

कारण किटकॅट चालतो तो कोणी काय तार घातली आहे त्याच्या भरवशावर. १५ अँपिअरच्या फ्यूजला साधारण अर्धा मिमी जाडीची कल्हई केलेली तांब्याची तार लागते, ५ अँपिअरला ०.२ मिमी. प्रत्यक्षात रात्री अकराला फ्यूज उडाला की घरात सापडेल ती तार घातली जाते, ती विजेच्या वायरीतली एक तार असते, आणि मग तो फ्यूज उडायचं नावच घेत नाही. तार अगदी बरोबर असली तरी असा फ्यूज उडायला ठरलेल्या अँपिअरच्या जवळपास दुप्पट प्रवाह लागू शकतो. एमसीबी १.४५ पट प्रवाहावर एका तासाच्या आत पडलाच पाहिजे असं मानक आहे. वायरीच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे.

किटकॅटची चिनी माती तडकलेली असेल तर बोट थेट तांब्यावर पडतं, ते वेगळंच.

एमसीबी सारखा पडतो. एमसीबी खराब झाला का?

बहुतेक वेळा नाही. तो त्याचं काम करतोय. किती वेळानं पडतो ते आधी लिहून ठेवा, निम्मं निदान तिथेच होतं.

चढवला की त्याच क्षणी, फाटकन पडला: शॉर्ट. त्या सर्किटवरच्या सगळ्या पिना काढा, स्विच बंद करा, पुन्हा एकदाच चढवा. टिकला तर दोष एखाद्या उपकरणात, नाही टिकला तर वायरीत किंवा बोर्डात. पुन्हा पुन्हा चढवत बसू नका. प्रत्येक शॉर्टमध्ये आतल्या संपर्कांचा थोडा भाग जळतो.

२० मिनिटं-अर्ध्या तासानं पडला: जास्त भार, किंवा त्याच्या स्क्रूखाली ढिला जोड. ढिल्या जोडाची उष्णता एमसीबीच्या आतल्या द्विधातू पट्टीला लागते आणि ती भार जास्त नसतानाही वाकते. वेगळं करायचं असेल तर क्लँप मीटरनं प्रवाह मोजायचा. १६ च्या एमसीबीतून ११ अँपिअर जात असताना तो पडत असेल, तर आधी जोड तपासायचा आणि मग एमसीबी बदलायचा. मीटर न लावता एमसीबी बदलून देणारा वायरमन अंदाजानं काम करतोय.

फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी पडतो: एमसीबीचं मोजमाप ३० अंश तापमानाला धरलेलं असतं. पुण्यात बाहेर ४० झालं की पश्चिमेच्या भिंतीतल्या बंद डब्यात त्याहून बरंच जास्त होतं आणि शेजारी शेजारी तापलेले एमसीबी एकमेकांना आणखी तापवतात. अशा वेळी एसीचा एमसीबी ठरलेल्या आकड्याच्या थोडा आधीच पडतो. दोन जड भारांच्या मधे एक रिकामी जागा सोडणं हा साधा उपाय आहे.

आणि पावसात पडतो तो बहुधा एमसीबी नसतोच, तो आरसीसीबी असतो. गच्चीवरचा दिवा, बाल्कनीतला प्लग, टाकीचा फ्लोट स्विच यातल्या ओलीची ती गळती असते. शोधायची पद्धत अशी: सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी चढवत जायचं. ज्याच्या चढवण्यानं आरसीसीबी पडला ते सर्किट. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल तर कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला चिकटलाय. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तेव्हा लिंकवरून एकेक न्यूट्रल सोडवून बघावा लागतो आणि ते वायरमनचंच काम.

पडतोय म्हणून १६ च्या जागी ३२ चा टाकला तर?

पडणं थांबेल आणि वायर जळेल. एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. तांब्याच्या वायरीला साधारण असा हिशेब धरा: १.५ चौरस मिमीला ६ किंवा १०, २.५ ला १६, ४ ला २० ते २५, ६ ला ३२, १० ला ४०. एका पाइपात सात-आठ वायरी कोंबल्या असतील तर एक पायरी खाली उतरा.

जुन्या घरात आणखी एक फसगत होते. मेन म्हणून बसवलेला दांडीवाला स्विच दिसतो एमसीबीसारखा, पण असतो आयसोलेटर. तो हातानं बंद-चालू होतो, भारानं कधीच पडत नाही. ओळखायचं कसं? एमसीबीवर आकड्याच्या आधी अक्षर असतं, सी १६, सी ३२, बी १०. आयसोलेटरवर नुसतं ४० किंवा ६३ असतं. तुमच्या मेनवर अक्षर नसेल, तर फ्लॅटच्या आतल्या मेन वायरीला रक्षण फक्त मीटर रूममधल्या फ्यूजचं आहे, आणि तिथे कोणी कसली तार घातली आहे हे एकदा बघून या.

घरातली वायर किती जाडीची आहे हे कसं कळेल?

१९९० च्या आधीच्या बांधकामात वायरीचं माप तारांची संख्या आणि गेज असं सांगतात: तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस. तीन-बावीस म्हणजे जेमतेम १.२ चौरस मिमी, तीन-वीस म्हणजे सुमारे २, सात-वीस म्हणजे साडेचारच्या आसपास. जुने वायरमन आजही पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन तीन-वीस मागतात आणि दुकानदार न बोलता २.५ काढून देतो. पण भिंतीत असलेली तीन-वीस २.५ नाही, हे एमसीबी निवडताना लक्षात ठेवायचं. तिच्यावर १० चा एमसीबी बरा.

वायर चंदेरी दिसली तर नखानं किंवा चाकूनं हलकं खरवडून बघायला सांगा, अर्थात वीज बंद करून. आत तांबडं निघालं तर कल्हई केलेलं तांबं. चंदेरीच राहिलं तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून दबून हळूहळू सरकतं आणि त्यावर न वाहणारा ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून आज आवळलेला जोड दोन वर्षांत पुन्हा ढिला होतो. तांब्याला पीळ मारून थेट जोडलं तर ते आणखी लवकर. ॲल्युमिनियमची वायरिंग असलेल्या घरात फक्त डीबी बदलून भागत नाही. निदान गीझर, एसी आणि किचनच्या लाइनी तांब्याच्या करून घ्या. दिवे-पंख्यांच्या लाइनी ६ च्या एमसीबीवर ठेवून पुढच्या रंगकामापर्यंत थांबता येतं.

आरसीसीबी म्हणजे पूर्वीचा ईएलसीबीच ना? एमसीबी असताना तो कशाला?

एमसीबी आणि आरसीसीबी यांची कामं वेगळी. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर गेले तरी जीव धोक्यात येऊ शकतो, आणि १६ च्या एमसीबीला तेवढ्यानं काही कळतही नाही. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, एवढंच आरसीसीबी बघतो. ३० मिलिअँपिअरची तफावत आली की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो. उलट, भार कितीही वाढला तरी तो पडत नाही. म्हणून त्याच्या वर योग्य एमसीबी हवाच. दोन्ही कामं एकातच हवी असतील तर आरसीबीओ मिळतो, महाग असतो, पण एकट्या गीझरसाठी उत्तम.

घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० किंवा ३०० चे आगीपासून संरक्षणासाठी असतात, माणसासाठी नव्हेत. ‘हा सारखा पडत नाही’ असं सांगून १०० चा गळ्यात मारतात.

त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. न पडल्यास तो आरसीसीबी बदलायचा, दुसरा विचार नाही. वर्षानुवर्षं न हलवलेली यंत्रणा आत चिकटून बसते, आणि बटण दाबण्यानं ती हलती राहते. मात्र बटणानं पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं होत नाही; बटण अर्थिंगशिवायही चालतं.

नवा डीबी किती वेचा, म्हणजे किती जागांचा, घ्यायचा?

दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हिशेब मांडून बघू. दिवे-पंखे दोन सर्किट, किचनचे पॉवर प्लग एक, फ्रिज एक, वॉशिंग मशीन एक, गीझर दोन, एसी दोन, इन्व्हर्टर एक. झाले दहा. बाजारात १२ वे म्हणून मिळणाऱ्या डब्यात मेनच्या दोन जागा वेगळ्या असतात आणि १२ बाहेर जाणाऱ्या. त्यातल्या दोन आरसीसीबी खातो. उरल्या दहा. म्हणजे पहिल्याच दिवशी डबा भरला. म्हणून १६ वे घ्या. चार जागा रिकाम्या राहतात, आणि पुढे मुलांच्या खोलीत तिसरा एसी बसला की भिंत फोडावी लागत नाही. डब्याच्या किमतीतला फरक भिंत दुरुस्तीपुढे काहीच नाही.

दोन आरसीसीबी परवडत असतील तर ओल्या कामाची सर्किटं, म्हणजे गीझर, वॉशिंग मशीन आणि किचन, एकावर ठेवा. दिवे, फ्रिज आणि बाकी सगळं दुसऱ्यावर. मग गीझरच्या कॉइलनं गळती केली तर अख्खं घर अंधारात जात नाही. पण दोघांच्या न्यूट्रल लिंकही वेगळ्या हव्यात. एकाच लिंकवर सगळे न्यूट्रल लावले की दोन्ही आरसीसीबी पडत राहतात.

खरेदीला गेल्यावर काय बघायचं?

घरासाठी सी प्रकार चालतो. तो ५ ते १० पट प्रवाहाच्या झटक्याला क्षणात तोडतो, त्यामुळे एसीच्या सुरुवातीच्या झटक्यानं पडत नाही. नुसता गीझर किंवा दिव्यांसाठी बी प्रकार घेतला तरी चालेल, तो ३ ते ५ पटीलाच तोडतो. चौकटीत छापलेला ६००० किंवा १०००० हा आकडा बघा: शॉर्टच्या वेळी तो किती अँपिअर तोडू शकतो ते. १०००० चा घ्या, विशेषतः इमारतीच्या आवारातच ट्रान्सफॉर्मर असेल तर. आकडाच नसलेला एमसीबी खेळण्याच्या दुकानात शोभेल.

आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या वस्तूचा आहे हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. पक्कं बिल घ्या. शक्यतो डबा, एमसीबी आणि बसबार एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची टर्मिनलं एका रेषेत येत नाहीत, मग बसबारचा दात अर्धवट टेकतो आणि पुन्हा तीच ढिल्या जोडाची कथा.

आरसीसीबी बसवल्यापासून इन्व्हर्टर लागला की लाइट जातात. का?

इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल आणि घरातल्या बाकी सर्किटांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र आहेत. जुन्या घरांत हॉलच्या स्विचबोर्डात सगळे न्यूट्रल एकाच पिळात बांधलेले असतात. वीज एका वाटेनं गेली आणि दुसऱ्या वाटेनं परत आली की आरसीसीबीला ती गळतीच वाटते. उपाय आरसीसीबी काढणं हा नाही, जरी बरेच वायरमन तोच सुचवतात. इन्व्हर्टरवरच्या सर्किटांचा न्यूट्रल इन्व्हर्टरपासून बोर्डापर्यंत स्वतंत्र ओढायचा. अर्धा-एक दिवसाचं काम आहे, चिकाटीचं आहे, पण करावंच लागतं.

अर्थिंग आहे की नाही हे कसं समजायचं?

थ्री पिनच्या प्लगला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जुन्या इमारतींत हिरवी वायर बऱ्याचदा पाण्याच्या लोखंडी पाइपाला चिमट्यानं बांधलेली असे. गेल्या काही वर्षांत सोसायट्यांनी ते पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले, आणि त्या दिवशी कोणाच्या लक्षात न येता अख्ख्या इमारतीचं अर्थिंग गेलं. प्लंबर वायरमनला सांगत नाही, वायरमनला कोणी विचारत नाही.

फेज आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्टेज मोजून घ्या. २३० च्या आसपास यायला हवं. मग न्यूट्रल आणि अर्थ. ते एक-दोन व्होल्टांच्या आत असावं. मात्र हे मोजमाप मीटरवर चांगलं दिसूनही गंजलेली बारीक जस्ती तार प्रत्यक्ष भार पेलत नाही, म्हणून अर्थ टेस्टरनं खड्ड्याचा रोध मोजणं हीच खरी परीक्षा. ५ ओहमच्या आत असला तर छान. ही चाचणी उन्हाळ्यात, माती सुकलेली असताना करा. ऑगस्टमध्ये पुण्यातला कुठलाही खड्डा पास होतो.

आम्ही वाड्यात राहतो. लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग आहे.

कसबा, सदाशिव, नारायण पेठेत अशी वायरिंग अजून आहे. त्यावर रबराचं आवरण आणि वरून सुती विणकाम असेल तर ती हलवू नका, वाकवू तर अजिबात नका. रबर इतकं कडक झालेलं असतं की नव्या डीबीत वळवताना तुकडे पडतात आणि उघडं तांबं हातात येतं. इथे डीबी आणि वायरिंग एकत्रच बदलावी लागते. मातीच्या भिंती पावसात ओल धरतात, तेव्हा भिंत खोदून पाइप पुरण्यापेक्षा वरून पीव्हीसी केसिंग पट्टी घ्या. नवा डबा लाकडी खांबावर बसवू नका; दगडी किंवा विटांचा भाग शोधा, छपराच्या गळतीपासून दूर.

पुराचं पाणी मीटर रूममध्ये शिरलं होतं. वाळवून वापरलं तर चालेल?

नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं, तसं पाणी लागलं असेल तर बुडालेले एमसीबी, आरसीसीबी आणि आयसोलेटर सरळ बदला. गाळ आत स्प्रिंगांमध्ये आणि संपर्कांवर बसतो. बाहेरून कोरडा दिसणारा एमसीबी गरजेच्या क्षणी अडकतो. वायरी धुऊन, वाळवून, ५०० व्होल्टच्या मेगरनं (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं) तपासून ठेवता येतात. किमान १ मेगाओहम हवा. मीटर मात्र महावितरणचं आहे, त्याला हात लावायचा नाही.

महावितरणची परवानगी लागते का?

मीटरनंतरचा डीबी बदलायला वेगळी परवानगी लागत नाही, पण काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायचं आणि चाचणी अहवाल मागून घ्यायचा. मीटरचं सील तोडायचं नाही. वायरमन ‘जरा सील काढतो, पाच मिनिटांचं काम’ म्हणाला तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. जुन्या फ्लॅटांवर तो अजून १ किंवा २ किलोवॅट दिसतो. दोन एसी आणि गाडीचा चार्जर जोडणार असाल तर आधी भार वाढवून घ्या. ७.४ किलोवॅटचा चार्जर एकटा ३२ अँपिअर घेतो, तोही सलग तासन्‌तास. त्याला मीटरपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि ए प्रकारचा आरसीसीबी लागतो. चार्जर सांगेल त्याप्रमाणे त्याहून वरचाही. सोसायटीची मीटर रूमपासून फ्लॅटपर्यंतची वायर हाही इथेच पाहायचा भाग. ४० अँपिअरच्या मेनला १० चौरस मिमी तांबं हवं आणि वरच्या मजल्यांवर अजून ४ चौरस मिमी ॲल्युमिनियम सापडतं.

प्रत्यक्ष बदलायला किती वेळ लागतो आणि काय क्रम असतो?

नुसता डबा, वायरिंग जुनीच: सकाळी नऊला सुरू झालं तर संध्याकाळपर्यंत. आदल्या दिवशी प्रत्येक सर्किट बंद करून कुठले दिवे जातात ते कागदावर लिहून घ्या. त्या दिवशी मीटर रूममधून वीज बंद, तिथे चिठ्ठी आणि शक्य असल्यास कुलूप. जुन्या वायरींना चिकटपट्टीवर नंबर. डबा काढून नवा बसवणं, वायरींची करपलेली टोकं कापणं, बारीक तारांच्या वायरींच्या टोकांना लग किंवा फेरूल (धातूची टोपी) दाबणं, स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या ताकदीनं आवळणं. वायर नव्या डब्यात पोचत नसेल तर पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळू देऊ नका. शेजारी जोडपेटी आणि कनेक्टर. मग वीज येण्याआधी मेगर, वीज आल्यावर आरसीसीबीची चाचणी आणि प्रत्येक प्लगवर फेज उजवीकडे आहे ना हे बघणं.

झाकण लावण्यापूर्वी आतला फोटो काढून ठेवा. लेबलं मराठीत, जाड अक्षरात: ‘गीझर मोठं बाथरूम’, ‘एसी हॉल’. ‘पॉवर १, पॉवर २’ लिहिलेलं रात्री आजोबांना काही सांगत नाही.

महिन्याभरानं वायरमनला पुन्हा बोलावून सगळे स्क्रू एकदा तपासून घ्या. दाबलेलं तांबं थोडं बसतं. हे पैसे ठरवतानाच कोटेशनमध्ये लिहून घ्या, नंतर तो येत नाही.

काढलेले जुने एमसीबी जपून ठेवावेत का?

करपलेले, पाणी लागलेले, शॉर्टमध्ये दोन-चारदा पडलेले थेट भंगारात. उरलेल्यांपैकी दोन-तीन वर्षांचे, सर्व खुणा वाचता येणारे असतील तर एखादा ठेवा. ठेवताना त्यावर कुठून काढला ते लिहा, नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेले की १० च्या जागी हाताला लागलेला ३२ चढवला जातो.